अट्रॅक्टाच्या पुस्तकांवरचं पाणी

ड्रमकीलन गावच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी शाळकरी पोरींचं मंडळ भरतं. खिडकीजवळच्या गोल टेबलाभोवती शाळेचे हिरवे स्वेटर, आणि त्या हिरव्यात एकच लाल कार्डिगन. ते अट्रॅक्टा गिलहूलीचं. मुलं मोठी होऊन डब्लिनला गेलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि ही बाई पोरींच्या बरोबरीने हात वर करून सांगणार, "त्याने तिचं नाव विचारलं ना, तेव्हाच मी म्हटलं, गेली ही! नाव सांगितलं की संपलंच."

पुस्तकं परीलोकाची. पण फुलावर बसणाऱ्या इवल्या पऱ्यांची नव्हेत. ही माणसं उंच, देखणी आणि आतल्या गाठीची. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून खरंच असं फिरवून बोलतात की ऐकणारा फसलाच पाहिजे. लोखंड त्यांना सोसत नाही. त्यांच्या पंगतीला दोन घास खाल्ले की परतीची वाट बंद. अशा दरबारात एखादी साधी पोर जाऊन पडते, घाबरते, मार खाते, शिकते आणि शेवटी सिंहासनच हलवून सोडते. पहिल्या पानावर नकाशा, मुखपृष्ठावर सोनेरी काटे, पानांच्या कडाही रंगवलेल्या.

अट्रॅक्टाने पहिलं पुस्तक हातात घेतलं ते पाऊस थांबेपर्यंत वेळ काढायला. लीट्रिम परगण्यात पाऊस थांबेपर्यंत माणूस काहीही शिकू शकतो. पाऊस थांबला, दिवे लागले, ग्रंथपाल फिडेल्मा किल्ल्या वाजवत उभी राहिली, तरी हिची मान वर होईना.

गावात तिचं केस कापण्याचं दुकान आहे. तिथल्या बायका काय तिला सोडतात?

"अट्रॅक्टा, ती पोरासोरांची पुस्तकं गं. आपल्या वयाला शोभेल असं काही वाच की."

"आपल्या वयाची पुस्तकं वाचली मी," अट्रॅक्टा कात्री न थांबवता म्हणायची. "त्यात नवरा आजारी पडतो आणि बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघते. ते मला घरी फुकट मिळतं. मान सरळ ठेव, नाहीतर एक बाजू आखूड होईल."

मंडळाचा एक नियम होता, आणि तो अट्रॅक्टानेच घातलेला. पुस्तक कुणी विकत आणायचं नाही. वाचनालयाची एकच प्रत, पाळीपाळीने. म्हणजे ज्यांना विकत घेता येतं त्या पुढे पळत नाहीत, आणि ज्यांना येत नाही त्या मागे राहत नाहीत. तळ्याखालच्या राजवाड्याची तीन भागांची गोष्ट तेव्हा मंडळात चालू होती. दुसरा भाग सगळ्यांचा वाचून झाला होता, शेवटची पाळी अट्रॅक्टाची होती. तिसरा ईस्टरच्या आत येणार होता. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि पहिला नंबर निघाला अट्रॅक्टाचा. पोरींनी केवढा आरडाओरडा केला! तिने मात्र राणीसारखी मान डोलावून तो स्वीकारला.

आणि त्याच आठवड्यात फिडेल्माने तिला टेबलाशी बोलावलं.

"हे बघ." फिडेल्माने पहिला भाग पुढे सरकवला. पानं लाटांसारखी फुगलेली. कडांचा किरमिजी रंग आत उतरून नकाशातल्या तळ्यात मिसळलेला. "पोरींची पाळी झाल्यावर तू पुन्हा वाचायला नेलंस, त्यानंतरचं आहे हे. आणि असं हे पहिलंच नाही, अट्रॅक्टा. याच्याआधीची दोनसुद्धा अशीच आली."

"घर ओलसर आहे गं आमचं. आमच्याकडे बिस्किटसुद्धा कुरकुरीत राहत नाही."

"ओल थेंबाथेंबाने पडत नाही. घरी दुसरा भाग आहे ना? तो आण आधी. बघू दे मला."

अट्रॅक्टा घरी आली ती भर दुपारी, जेव्हा ती कधीच घरी नसायची. स्वयंपाकघरात तिची सासू डिलिया उभी होती. काळा कोट, डोक्याला रुमाल, जणू चर्चलाच निघाली आहे. समोर टेबलावर दुसरा भाग उताणा. आणि डिलियाच्या हातात मेरी मातेच्या आकाराची प्लॅस्टिकची बाटली, जिचा निळा मुकुट फिरवला की झाकण उघडतं. ईस्टरला पाद्र्याकडून भरून आणलेलं पवित्र पाणी. गाय व्यायली की तिच्यावर, मुलं परीक्षेला निघाली की त्यांच्यावर, नवी गाडी आली की गाडीवर, हे पाणी त्या घरात सगळ्यांनी अंगावर घेतलेलं. आता ते पुस्तकावर पडत होतं. तीन वेळा, क्रुसाच्या खुणेसकट.

"मॅमी! काय करताय तुम्ही?"

डिलिया दचकली नाही. ऐंशी ओलांडलेली बाई दचकण्यात शक्ती घालवत नाही. "जे तू करायला हवं होतंस ते. यानंतर शेगडीच्या दांडीवर वाळत घालते मी. तुला काय वाटलं, मी ओलं ठेवते?"

"पुस्तक आहे ते, मॅमी! वाचनालयाचं!"

"कुणाचं का असेना. त्यात कोण आहे?" डिलियाने आवाज खाली आणला. पऱ्यांचं नाव तिने जन्मात उच्चारलं नव्हतं. "ती मंडळी आहेत ना? पानापानावर त्यांचं नाव छापलंय. खालच्या शेतातल्या त्यांच्या एकट्या काटेझाडाला आपण हात लावत नाही. माझा मॅलकी नांगर वळवून नेतो, त्याचा बाप नेत होता, त्याचा आजा नेत होता. आणि तू त्यांना पिशवीत घालून घरात आणतेस आणि उशाशी घेऊन झोपतेस!"

अट्रॅक्टाला आधी राग आला, मग हसू आलं, आणि दोन्ही गिळून ती खुर्चीवर बसली. काटेझाडाला हात लावायची तिचीही छाती नव्हती. त्यामुळे सासूला वेडी म्हणावं तर स्वतःलाही म्हणावं लागलं असतं.

"बसा," ती म्हणाली. "यात त्यांची काय अवहेलना केलीय ते मी वाचून दाखवते. तुम्हीच ठरवा."

"नाव घ्यायचं नाही."

"नाही घेणार. 'ती मंडळी' म्हणीन."

असं त्या दुपारी सुरू झालं. अट्रॅक्टा वाचत होती, नाव आलं की वळसा घालत होती, आणि डिलिया हातातली बाटली न सोडता ऐकत होती.

"देखणा? कोण देखणा?"

"राजपुत्र. गालाची हाडं म्हणे धारदार."

"जेवायला देत नसतील. पुढे वाच."

दोन पानांनंतर, "आणि या राजपुत्राला दिवसभर काही कामधंदा नाही? नुसता खांबाला टेकून उभा?"

"शापित आहे तो, मॅमी."

"आमच्या पॅटलाही तेच झालं असेल मग. चाळीस वर्षं दाराच्या चौकटीला टेकून काढली त्याने." पॅट म्हणजे डिलियाचा स्वर्गवासी नवरा. "आणि ती पोर खुळी आहे. पण मनाने खंबीर आहे. वाच."

पुढच्या दोन दिवसांत भाग संपला. शेवटच्या पानावर ती पोर तळ्याच्या काठी उभी, आणि पाण्यातून राजपुत्राचा हात वर आलेला. धरायचा की नाही?

"मग?" डिलियाने विचारलं.

"मग तिसरा भाग."

"आण की."

इथेच तर मेख होती. दुसऱ्या दिवशी अट्रॅक्टाने तो थेंब पडलेला भाग फिडेल्मासमोर ठेवला. फिडेल्माने चष्म्यावरून पाहिलं. "आता सांग. काय होतं नक्की?"

खरं सांगून टाकलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण अट्रॅक्टाला ड्रमकीलन ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत ते दोन्ही पबांत पोचलं असतं, आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी हसत हसत म्हणालं असतं, काय डिलिया, पुस्तकांचा बाप्तिस्मा करतेस म्हणे? जी बाई आयुष्यभर ताठ मानेने त्या पायऱ्या उतरली, तिची मान आपल्यामुळे खाली? छे.

"टबात बसून वाचते मी," अट्रॅक्टा म्हणाली. "साबणाचा फेस, मेणबत्ती, सगळा थाट. हात निसटतो."

मागच्या टेबलावर मंडळातली सायव्ह नावाची पोर शाळेचा अभ्यास करत होती. ती खुदकन हसली. फिडेल्मा मात्र हसली नाही. "मग ईस्टर होईपर्यंत तुझ्या कार्डावर एकही पुस्तक घराबाहेर जाणार नाही. मला वाईट वाटतं गं, पण दुसऱ्या कुणाला मी हेच सांगितलं असतं. तिसरा भाग पुढच्या नंबरला जाईल."

अट्रॅक्टा तशीच दुकानात आली आणि दिवसभर तिने लोकांचे केस जरा जास्तच आखूड कापले. ज्या गोष्टीच्या शेवटासाठी वर्षभर थांबली, तो शेवट आता पोरी आधी वाचणार, आणि गुरुवारी तिच्यासमोर तोंडाला कुलूप लावून बसणार, डोळ्यांनी मात्र सगळं सांगणार. विकत आणावं तर नियम स्वतःचाच. डिलियाला तिने एवढंच सांगितलं, "उशीर लागेल, मॅमी. रांग आहे."

पण गावाच्या तोंडाला कुणी हात लावावा? रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर पायऱ्यांवर एका बाईने डिलियाचा कोपर धरला. "तुझी सून म्हणे टबात बसून राजपुत्रांच्या गोष्टी वाचते. मेणबत्ती लावून! वाचनालयाने तिचं कार्डच बंद केलं. मॅलकी बिचारा!"

डिलिया तडक घराकडे निघाली. घरी येऊन तिने रुमाल सोडला.

"टबात?"

अट्रॅक्टा बटाटे सोलत होती. सोलतच राहिली.

"आपल्या टबात तुझे पाय तरी सरळ होतात का गं? आणि सगळ्या परगण्यासमोर फेसात बसलीस ती कुणासाठी? माझ्यासाठी? मला विचारलंस?"

"मॅमी, लोक हसले असते तुम्हाला."

"मी विधवा झाले, गाई मेल्या, मोठा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिकडेच राहिला. हसण्याने मरणारी असते तर केव्हाच मेले असते." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आणि तो हात अजून तसाच वर आहे का गं पाण्यातून?"

"तसाच."

"गारठला असेल."

गुरुवारी मंडळ भरलं होतं. तिसरा भाग आला होता. निळ्या कडांचा, जाडजूड, फिडेल्माच्या टेबलावर. अट्रॅक्टा आपल्या खुर्चीत बसून त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. तेवढ्यात दार उघडलं आणि काळ्या कोटातली डिलिया काठी टेकत आत आली. उभ्या आयुष्यात तिने त्या दारातून पाऊल टाकलं नव्हतं.

"कर्ती कोण इथली? तू? मी डिलिया गिलहूली. पुस्तकं मी भिजवली. पवित्र पाणी शिंपडून. माझ्या सुनेचा टब कोरडा आहे."

टेबलाभोवतीच्या पोरींची डोकी एकदम वर झाली. मग कुणाला तरी हसू आवरेना. सायव्हच होती ती, तोंडावर हात दाबून.

डिलियाने काठी तिच्याकडे वळवली. "तू हसतेस. काटेझाडाची फांदी तोडून आणशील?"

सायव्हचा हात तोंडावरून खाली आला. "नाही," ती म्हणाली. "कशाला उगाच?"

"हं. मग हसून झालं असेल तर बस नीट."

फिडेल्मा गोंधळली होती. "मिसेस गिलहूली, तुम्ही येऊन सांगितलंत हे मोठंच. पण ईस्टरपर्यंत अट्रॅक्टाच्या कार्डावर द्यायचं नाही असं मी म्हटलंय. सगळ्यांसमोर म्हटलंय. आता लगेच फिरवलं तर..."

"फिरवू नकोस. तिच्या कार्डावर मागतंय कोण? मला कार्ड दे."

"तुम्हाला?"

"मी या गावात जन्मले. कर्ज नाही, खटला नाही. की म्हाताऱ्यांना देत नाहीस?"

"पण पुन्हा पाणी..."

"लोकांच्या वस्तूवर शिंपडलं मी. माझ्या नावावरच्या वस्तूवर शिंपडीन का? उंबऱ्यावर शिंपडते. यायचं असेल तर त्या मंडळींनी भिजून यावं." मग ती पोरींकडे वळली. "नंबर माझ्या सुनेचा लागला होता ना? चिठ्ठीत? मग तुमची काही हरकत?"

हरकत घ्यायची कुणाची बिशाद! उलट सायव्हच म्हणाली, "अट्रॅक्टा, घ्या तुम्ही. फक्त लवकर वाचा, प्लीज. आम्ही मरतोय इथे."

फिडेल्माने ओठ आवळून धरले, हसू येऊ नये म्हणून असेल, आणि कार्ड तयार केलं. डिलियाने त्यावर सावकाश, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात सही केली. निळ्या कडांचं पुस्तक तिच्यासमोर आलं. तिने ते उचललं, वजन पाहिलं, आणि अट्रॅक्टाने पुढे केलेल्या हाताकडे लक्ष न देता सरळ आपल्या कोटाच्या आत घातलं.

"मॅमी, द्या ना मी घेते. जड आहे."

"माझ्या नावावर आहे." डिलिया दाराकडे निघालीसुद्धा. "गुपचूप खोलीत नेऊन वाचायचं नाही. माझ्यासमोर, मोठ्याने, आणि नाव न घेता. मधली पानं गाळलीस तर मला कळेल."

"चुंबनं आली तर?"

"तीही गाळायची नाहीत," डिलिया म्हणाली. "चल, आधी तो हात धरते का बघू."