बेंबी, बोंबील आणि गुलाबआत्याचं तेल

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आरोग्य उपकेंद्राच्या दारातल्या चपलांसारखे आपोआप साठत जातात आणि संध्याकाळी निघताना पायात येतात. मैत्रिणी फोनवर विचारतात, "तिकडे नेमकं करतेस काय?" मी सांगते, "पहिलटकरणींना बाळाची नाळ कशी सांभाळायची ते शिकवते." मग प्रश्न येतो, "ते कळलं गं, पण उरलेला दिवस काय करतेस?"

परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र पक्कं होतं. खाडीकाठचं गाव, उपकेंद्राची स्वच्छ खोली, गोल करून बसलेल्या तरुण आया, मांडीवर बाळं आणि प्रश्नच प्रश्न. सगळं सोडून मी रेवसजवळच्या माझ्याच गावी परत आले, एका छोट्या संस्थेत कामाला लागले, आणि पहिल्या वर्गाला पाहते तर काय? पुढच्या दोन रांगा सासवांच्या. तिसरी मुलींच्या आयांची. चौथी शेजारणींची. दारापाशी पंख्याखाली एक म्हातारी, जी फक्त पंखा आहे म्हणून आली होती. दिवस भरत आलेल्या मुली पार मागे भिंतीला टेकून. आणि मांडीवर बाळ असलेली एकही नाही, कारण बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही!

*

मला सांगायचं होतं ते अगदी थोडकं होतं. बाळाच्या बेंबीला नाळेचा जो तुकडा राहतो तो स्वच्छ आणि कोरडा ठेवा. लंगोट त्याच्या खाली बांधा. ओढू नका. त्याला काही लावू नका. तो आपोआप सुकतो, आपोआप पडतो. बेंबी लाल झाली, पू आला, वास आला किंवा बाळाला ताप आला, तर थेट दवाखाना.

एवढ्यासाठी मी लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि पांढरा पडदा नेला होता. लाईट गेली. मग तोंडीच सांगितलं.

पंख्याखालच्या म्हातारीला पंखा बंद पडल्यामुळे ऐकण्यावाचून पर्याय नव्हता. तिने विचारलं, हळद? मी म्हटलं, नाही आजी. खोबरेल? नाही. मग राख तरी? मी म्हटलं, काही म्हणजे काहीच नाही.

म्हातारी शेजारणीकडे वळली. "काहीच न लावायला शिकायला हिच्या बापानं हिला विलायतेला धाडली!"

संध्याकाळपर्यंत हे वाक्य जेट्टीवर पोचलं आणि तिथून आमच्या घरी. माझे वडील निवृत्त शाळामास्तर. जेवताना त्यांनी शांतपणे विचारलं, "खरंच एवढंच होतं का गं?"

*

मग मी पोस्टर केलं. बोलण्यापेक्षा चित्र बरं, असं आम्हाला शिकवलं होतं. मध्ये गुटगुटीत बाळ, भोवती तेलाची बाटली, हळदीची वाटी, राखेचा ढीग, पावडरचा डबा, आणि प्रत्येकावर ठसठशीत लाल फुली. गावात सगळीकडे लावलं.

पुढच्या वर्गाला एक सासूबाई पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून तेल निघालं, हळद निघाली, कागदाच्या पुडीत राख निघाली. पावडर मात्र अलिबागला गेल्यावर आणणार होत्या. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, मावशी, त्याच्यावर फुली आहे ना! त्या म्हणाल्या, "म्हणून तर आणलं. लाल फुली दवाखान्याचीच असते ना?"

पोस्टरं मी स्वतःच्या हाताने उतरवली. एक परत मिळालं नाही. ते किराणा दुकानात तेलाच्या डब्यांवर लावलेलं आहे आणि दुकानदार म्हणतो, खप वाढला.

*

आता बाहुली. संस्थेने मला शिकवण्यासाठी एक रबरी बाहुली दिली होती. तिच्या बेंबीत खोचायची कापडी नाळ मोटरसायकलवरून येताना कुठेतरी पडली. वर्ग भरलेला. तेव्हा आमच्या गावच्या आशा कार्यकर्ती मनीषाताई धावून आल्या. घराघरात जाऊन गरोदर बायांची विचारपूस करणं त्यांचं काम, आणि अडलेल्या प्रसंगी काहीतरी जुगाड करणं त्यांचा स्वभाव. त्यांनी घरी न्यायला घेतलेल्या सुक्या बोंबलांतला एक मोडला आणि तुकडा बाहुलीच्या बेंबीत खोचला. रंग, जाडी, सुरकुत्या, सगळं हुबेहूब. मी खूश.

बाहुली टेबलावर झोपवली आणि मी सांगायला सुरुवात केली. नाळ ओढायची नाही. सुटत आली असं वाटलं तरी ओढायची नाही. घरात दुसऱ्या कोणालाही ओढू द्यायची नाही.

खिडकीतून मांजर आलं, नाळ ओढली आणि गेलं.

मग मागून एक आवाज आला, "म्याडम, पहिल्याच दिवशी पडली. बाळ गुणाचं हाय."

*

हसू आलं ना? मलाही आलं होतं. मग प्राचीचं झालं.

प्राची माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. मी एकदा प्रश्नमंजूषा घेतली, तिची सगळी उत्तरं बरोबर. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा दिला, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. पुढे तिला मुलगा झाला. आणि घरी येऊन थोडे दिवस झाले असतील, मनीषाताईंचा फोन आला. मी गेले तेव्हा बाळाची बेंबी लालबुंद झाली होती आणि खोलीत वास येत होता. बाळ दूध ओढेना. तसेच गाडी करून दवाखान्यात गेलो. बाळाला तिथे ठेवून घेतलं. ते बरं होऊन घरी येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर मी प्राचीला विचारलं, कोरडं ठेवलं होतंस ना?

"मला हात कुठं लावू दिला म्याडम? आंघोळ गुलाबआत्या घालते. मी पलंगावरून बघते." मग जरा थांबून, मला बरं वाटावं म्हणून, ती म्हणाली, "पण उत्तरं मला अजून सगळी येतात हां."

शेजारी तिची मैत्रीण सायली बसली होती. तिचा नववा चालू होता. ती दवाखान्याच्या काचेतून आत बघत होती. तिने मान न वळवता विचारलं, "माझ्या बाळाला पण गुलाबआत्याच न्हाऊ घालणार. मग काय करायचं?"

मी वहीत नाव लिहून घेतलं: गुलाबआत्या.

*

गुलाबआत्या म्हणजे आमच्या भागातलं प्रत्येक बाळ न्हाऊ घालणारी बाई. ती कोणाची आत्या हे कोणाला माहीत नाही. बाळ पायांवर घेऊन तेल लावते, अंघोळ घालते, शेकते आणि शेवटी आपल्या डबीतलं कढवलेलं खोबरेल राखेत कालवून बेंबीवर थापते आणि वर फडकं बांधते.

आधी मी नवऱ्यांमार्फत प्रयत्न केला. एकीचा नवरा उरणला ट्रेलरवर ड्रायव्हर. त्याला म्हटलं, अंघोळीच्या वेळी व्हिडिओ कॉल लाव आणि तू सांग, बापाचं ऐकतील. त्याने बंदराच्या रांगेत गाडी उभी करून कॉल लावला. "आत्या, तेल नको," एवढं त्याने म्हटलं मात्र, गुलाबआत्याने फोन उचलून तांदळाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. नंतर तो मला म्हणाला, "म्याडम, रेंज चांगली होती. पण तांदूळच दिसत होता."

मग मी स्वतः गेले. गुलाबआत्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसली होती. मी नम्रपणे वर्गाला यायचं आमंत्रण दिलं. तिने मला खालून वर पाहिलं. माझे केस खांद्यापर्यंत कापलेले, भुरभुरीत. म्हणाली, "तुझ्या डोक्याला तेल न्हाय, आणि माझ्या तेलाला नावं ठेवतेस?"

तेवढ्यात आतून सरपंच आले. आमचे सरपंच भारदस्त गृहस्थ, सोबत तालुक्याचे दोन साहेब. गुलाबआत्याने हाक मारली, "ये रं इकडं. हिला बेंबी दाखव."

सरपंच म्हणाले, आत्या, साहेब आहेत.

"सायबांना पण दाखव. बघू दे, कशी बसवलीय मी."

सरपंचांनी एकदा साहेबांकडे, एकदा आत्याकडे पाहिलं. आणि शर्ट वर केला! खरं सांगते, उत्तम बेंबी होती. एक साहेब चष्मा लावून वाकले.

*

सायलीचे दिवस भरत आले होते. मी पुन्हा गुलाबआत्याच्या अंगणात गेले. ती बांबूच्या मांडवावर दोऱ्यांना बोंबील टांगत होती. मी बोलत राहिले, ती टांगत राहिली. मी प्राचीच्या बाळाचं नाव काढलं तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला, मग तिने पुढचा बोंबील उचलला.

ती पाणी आणायला आत गेली आणि कावळे उतरले. मी मदत म्हणून बाजूला पडलेलं निळं प्लास्टिक ओल्या बोंबलांवर ओढून घेतलं.

"काढ ते आधी! ओलं झाकलंस तर सडंल. वारा लागू दे त्याला."

मी घाबरून प्लास्टिक काढलं आणि विचारलं, मग याला काही लावत नाही तुम्ही?

"बोंबलाला काय लावायचं? आपसूक सुकतो तो."

मी प्लास्टिक हातात धरून उभी राहिले. "आत्या, मी इतके दिवस नाळेचं हेच सांगतेय."

गुलाबआत्याने दोरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"बाळ काय बोंबील हाय?"

आणि तिने मला अंगणाबाहेर काढलं. फाटकातून वर आणखी सांगितलं, डोक्याला तेल लाव.

*

पुढच्या वर्गाला गुलाबआत्या आली. न बोलावता. पुढच्या रांगेतल्या सासवांनी सरकून जागा दिली. मी बाहुली टेबलावर ठेवतेय तोच ती उठली आणि म्हणाली, "तू बस."

मी बसले.

तिने पदराची गाठ सोडून एक सुका बोंबील काढला आणि सगळ्यांसमोर मोडला. काटकीसारखा आवाज आला. मग पिशवीतून घट्ट झाकणाचा डबा काढला. म्हणाली, हा पण त्याच दोरीवरचा, त्याच दिवशीचा. याला माझं तेल लावलं, राख लावली, फडक्यात बांधला. बाळाला करते ते सगळं केलं.

आणि झाकण उघडलं.

दिवस भरलेल्या मुली इतक्या चपळाईने उठताना मी प्रथमच पाहिल्या. त्यांच्या मागून आया, शेजारणी, मग पदर नाकाला लावून सासवा. पंख्याखालची म्हातारी पंखा चालू असूनही बाहेर गेली. मनीषाताईंनी पायरीवर बसून डोळे मिटले. खिडकीतून मांजर आलं, त्याने एकदा हुंगलं आणि आल्या वाटेने परत गेलं.

बाहेर चिंचेखाली सगळ्या श्वास घेत उभ्या होत्या. गुलाबआत्या डबा बंद करून सायलीपाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "प्राचीच्या पोराचं मीच केलं व्हतं. तुझ्याला न्हाय करणार."

म्हातारीला मात्र राहवेना. "मग लावायचं तरी काय?"

"काय न्हाय," गुलाबआत्या म्हणाली. "काहीच न लावायला शिकायला हिच्या बापानं हिला विलायतेला धाडली. उगाच धाडली काय?"

*

सायलीला मुलगी झाली. तिची नाळ पुढे कोरडी खडखडीत होऊन पडली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच काळजी करत बसायला नको. पण मला सांगायचंय ते तिच्या घरातल्या पहिल्या सकाळचं.

मला दारात उभं राहायची परवानगी मिळाली होती, बोलायची नाही. पलंगावर सायली, हाताची घडी घट्ट. खाली पाटावर गुलाबआत्या, तिच्या पायांवर ती एवढीशी मुलगी. आत्याने ओल्या फडक्याने तिला पुसून घेतलं, बेंबीभोवतीचं पाणी अलगद टिपलं, लंगोट खाली बांधला. सगळं अगदी हवं तसं. आणि मग बोलता बोलता तिचा हात सवयीने डबीत गेला. दोन बोटं तेलाने भरून बाहेर आली.

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी ओठ चावून उभी.

गुलाबआत्याची बोटं बेंबीच्या वर थांबली. तिने बोटांकडे पाहिलं. नाळेकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "ये इकडं. वाक."

मी वाकले. तिने ती दोन्ही बोटं माझ्या डोक्यावर पुसली, चांगली खसखसून, टाळूवर, कानशिलांवर. मग उरलेली डबी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग होता. मी लॅपटॉपची बॅग उचलली आणि परत कपाटात ठेवली. डबी उघडली, केसांना तेल चोपडलं, मधोमध भांग पाडला. आणि आरशात बघून ठरवलं, आजपासून पुढे गुलाबआत्या, आपली जागा मागे, भिंतीला टेकून.