वार्सेनिकचा शेरा

वार्सेनिकचा कोणावर विश्वास नव्हता, आणि ती गोष्ट ती लपवतही नसे. दहीवालीच्या मडक्यात आधी बोट बुडवून बघायची. शेजारणीकडे कॉफी प्यायली की कप स्वतः विसळून ठेवायची, नाहीतर ती बया तळाच्या गाळात हिचं नशीब वाचणार आणि संध्याकाळपर्यंत गावभर करणार. आमच्या डोंगरावर सगळे तिला हसत. पण हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं की धरपकडीच्या सदतीस साली तिच्या बापाला एका कागदावरून उचलून नेलं होतं. त्या कागदावरचा एकही शब्द खरा नव्हता. खालच्या तीन सह्या मात्र खऱ्या होत्या, आणि त्यातली एक शेजाऱ्याची होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हिनं पाणीसुद्धा फुंकून प्यायचं ठरवलं.

असल्या बाईला वेधशाळेत काम मिळालं तेही नेमकं तिच्या स्वभावाचं. दुर्बिणीवरची माणसं दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश काचेच्या छोट्या पट्टीवर उतरवून आणत, आणि ती पट्टी सकाळी वार्सेनिकच्या सूक्ष्मदर्शकाखाली येई. दीर्घिका फिरते. तिची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते, म्हणून पट्टीवर एक बारीक रेघ तिरपी उमटते. सूक्ष्मदर्शकातली बारीक तार स्क्रू फिरवून त्या रेघेवर आणायची आणि रेघ कुठे किती सरकली हे मोजायचं, हजारांश मिलिमीटरपर्यंत. मग पट्टी उलटी फिरवून ठेवायची आणि सगळं पुन्हा मोजायचं, कारण माणसाचा हात एकाच बाजूला झुकतो. हा नियम वार्सेनिकला फार आवडायचा. हाताचाही भरवसा न धरणारा असा नियम ज्यानं केला, तो माणूस शहाणा असला पाहिजे, असं ती म्हणायची. प्रत्येक आकड्यापुढे शेरा लिहायचा असे: चांगलं, बरं, किंवा संशयास्पद. बावीस वर्षांत तिनं ‘चांगलं’ फार जपून वापरलं होतं.

अडुसष्टच्या मार्चमध्ये वाहराम मेलिक्यानच्या पट्ट्या आल्या. वाहराम तरुण, हुशार, राजधानीतून, येरेवानहून आलेला. प्रबंध याच पट्ट्यांवर उभा राहायचा होता. रेघ कशी दिसणार हे तो जेवणाच्या टेबलावर चमच्याच्या दांड्यानं लवाशच्या रोट्यांवरून सांडलेल्या पिठात काढून दाखवायचा. दीर्घिकेचा सगळा उजेड मध्यावर, म्हणजे वजनही तिथंच. वजनापासून दूर गेलं की वेग मंदावायला हवा, जसे सूर्यापासून लांबचे ग्रह रेंगाळत चालतात. तेव्हा रेघ आधी तिरपी चढणार आणि टोकाला जाऊन खाली झुकणार.

वार्सेनिकच्या पट्टीवर ती झुकेना. चढली आणि टोकापर्यंत तशीच सरळ गेली. जिथं उजेड जवळजवळ संपला होता, तिथला वायूही आतल्याइतक्याच वेगानं पळत होता. वार्सेनिकच्या मनात पाल चुकचुकली. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आधी तिनं स्क्रूवर संशय घेतला. पट्टीच्या दोन्ही कडांना, ताडून बघण्यासाठी, लोखंडाच्या दिव्याच्या उजेडाच्या सरळ रेघा छापलेल्या असतात. स्क्रू झिजला असता तर त्याही वाकड्या आल्या असत्या. त्या जिथल्या तिथं होत्या. मग उजव्या डोळ्यावर संशय घेतला आणि सगळं डाव्यानं मोजलं. मग वाहरामवर. हा आपली परीक्षा घ्यायला खोटी पट्टी सरकवतोय, असं वाटून ती रखवालदाराकडे जाऊन कपाटाच्या किल्लीची नोंद बघून आली. तेवीस दिवस असे गेले. आकडे हलले नाहीत.

“तुमचे डोळे तपासले का हल्ली?” वाहरामनं विचारलं.

“डाव्यानं मोजलं, उजव्यानं मोजलं. तिसरा असता तर त्यानंही मोजलं असतं.”

“टोकाला रेघ फार पुसट असते, वार्सेनिक जान. वय होतं माणसाचं.” ‘जान’ आमच्याकडे कोणालाही मायेनं म्हणतात.

“पुसट आहे. पण आहे तिथंच आहे.”

त्यानं पट्ट्या उचलल्या आणि नव्या आलेल्या नूनेच्या यंत्रावर नेऊन ठेवल्या. पोर वीसबावीस वर्षांची, जेवणाच्या टेबलावर त्याच्या समोरच बसणारी. चौथ्या दिवशी तिचे आकडे आले आणि काय सुंदर झुकले! वाहराम ते कागद घेऊन व्हरांड्यात जवळजवळ नाचला. मोजणीच्या खोलीत त्या दिवशी कोणी वार्सेनिककडे बघेना. तिला ते फार लागलं. चोर म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. म्हातारी म्हटल्यावर काय भांडणार?

तिनं नूनेची वही मागून घेतली. पट्टी सुलटी मोजली की एक आकडा येतो, उलटी मोजली की दुसरा. दोघांची बेरीज प्रत्येक ठिकाणी साधारण सारखी यायला हवी. साधारणच. हात कुठं दोन हजारांश अडखळतो, कुठं चार. नूनेच्या चाळीस जागांची बेरीज एका हजारांशाचाही फरक न पडता सारखी होती.

“हे काय गं?” वार्सेनिकनं वही तिच्यापुढे धरली. “देवाचा हात आहे का तुझा?”

नूने लाल झाली. “मावशी, मी... उलटी नाही मोजली. वजाबाकी करून भरली.”

“आणि सुलटी?”

“आत नीट मोजली. टोकाला काही दिसतच नव्हतं हो. कुठं असायला हवी ते वाहरामनी सांगितलं होतं, तिथं तार ठेवली. तिथं ती आहे असंच वाटलं.”

वार्सेनिकनं तिला वाहरामपुढे नेऊन उभं केलं. पोरीनं रडत रडत सगळं सांगितलं. वाहराम माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. नूनेला बाहेर पाठवून त्यानं वार्सेनिकची वही उघडली. टोकाच्या नऊ आकड्यांपुढे नऊ वेळा ‘चांगलं’ लिहिलेलं होतं.

“इथं ‘संशयास्पद’ लिहा,” तो हळूच म्हणाला. “मी ते नऊ आकडे गाळतो, प्रबंध पार पडतो. तुम्ही पेन्शनपर्यंत तुमच्या खुर्चीवर. तीनच तर वर्षं राहिलीत.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर मला लिहावं लागेल की मोजणारीची नजर अधू झालीय.”

“तुला खरंच तसं वाटतं?”

“सगळं विश्व चुकण्यापेक्षा तुमची नजर चुकणं सोपं आहे, वार्सेनिक जान. माझ्या जागी तुम्ही काय म्हणाला असता?”

मोठा अवघड प्रश्न होता, कारण त्याच्या जागी तिनंही हेच म्हटलं असतं. एक शब्द लिहायचा होता, आणि जन्मभर ती तोच तर म्हणत आली होती. तिनं लेखणी हातात घेतली. वाहरामनं सुटकेचा श्वास सोडला.

“संशय घेणं माझं काम,” ती म्हणाली. “तेवीस दिवस घेतला. घ्यायचा तेवढा घेऊन झाला. आता हा शब्द लिहिला तर ती खोटी सही होईल. तसल्या सह्या आमच्या घरानं बघितल्यात.” तिनं पानाखाली तारीख घातली, सही केली आणि वही मिटली.

सोमवारपासून तिची बदली काचांच्या कोठारात झाली. काम एवढंच, की जुन्या पट्ट्या काढायच्या, फडक्यानं पुसायच्या, परत ठेवायच्या. तिच्या यंत्रावर नूने बसली. वार्सेनिक कोठाराच्या कुलपावर रोज सकाळी ओरखडे शोधायची आणि कोणाशी बोलायची नाही.

एप्रिल संपता संपता एका दुपारी नूने कोठाराच्या दारात उभी राहिली. छातीशी वही.

“तुला कोणी पाठवलं?” वार्सेनिकनं विचारलं.

“कोणी नाही. वाहरामनी नवी पट्टी दिली, दुसऱ्या दीर्घिकेची. मी मोजली, मावशी. ही पण नाही झुकत.”

“उलटी मोजलीस?”

“तीनदा.”

“डाव्या डोळ्यानं?”

“डाव्यानंही.”

“दिवा?”

“दिव्याच्या रेघा सरळ आहेत.”

वार्सेनिकनं वही हिसकून घेतली आणि उभ्याउभ्याच बेरजा ताडून बघितल्या. कुठं दोनाचा फरक, कुठं पाचाचा. माणसाच्या हाताचे आकडे होते. टोकाच्या नऊ ओळींपुढे शेऱ्याचा रकाना कोरा होता.

“तो काय म्हणाला?”

“‘संशयास्पद’ लिही म्हणाला.”

“मग लिही. पोटापाण्याचा प्रश्न आहे. दुसरं काही लिहिलंस तर तुलाही इथंच आणून बसवतील, माझ्याशेजारी.”

नूनेनं वही गुडघ्यावर ठेवली आणि लिहायला लागली. ती काय लिहिते आहे ते बघायला वार्सेनिक चष्मा सावरून वाकली, आणि नऊ ओळी होईपर्यंत वाकलेलीच राहिली.

नूनेनं सही केली, वही मिटली.

“मावशी,” ती म्हणाली, “आणखी एक फडकं आहे का?”