धवलारणीचे बारा शब्द

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गुन्ह्यातला, हे कधी कधी मला बायकोला विचारावं लागतं, कारण जेवताना माझी बडबड तिनंच ऐकलेली आहे. हे एक प्रकरण मात्र तसं मिसळलं नाही. निवृत्तीच्या थोडं आधी, मुरबाड तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी असतानाचं. नावं कोणाचीच लिहीत नाही. माणसं अजून त्याच गावात, शेजारी शेजारी राहतात.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बायकांचा घोळका येऊन उभा राहिला. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावातला महिला बचत गट. पुढे गटाची अध्यक्ष, बौद्धवाडीतली, पन्नाशीची, आवाज असा की आमचा वायरलेस सेट बंद केला तरी चाललं असतं.

"साहेब, आमचं पैसं गेलं. आनि गेलं नाय पन."

"बाई, दोन्हीतलं एक काय ते सांगा," मी म्हणालो.

"तेच तर इचारायला आलोय तुमाला," ती म्हणाली.

हकिगत अशी. त्यांच्याच गावचा एक तरुण धसईला मोबाइलचं दुकान चालवायचा. त्यानं फोनवर एक ग्रुप काढला होता. रोज सकाळी तो त्यात क्रिप्टोच्या बातम्या टाकायचा, कोणीही काहीही विचारावं, तो उत्तर द्यायचा. त्या ग्रुपचे कागद पुढे तपासात मी वाचले आणि खरं सांगतो, थक्क झालो. "हा पैसा छापतो कोन?" "लाइट गेली तर पैसा जातो काय?" "चूक झाली तर तक्रार कुठल्या हापिसात करायची?" मोठमोठ्या शहरांतल्या शिकलेल्या लोकांनी हे प्रश्न विचारले असते, तर सायबर विभागाचं निम्मं काम कमी झालं असतं. आणि पोराची उत्तरंही खरी होती. छापणारा कोणी नाही. व्यवहाराची नोंद जगभरच्या संगणकांवर एकसारखी असते, एकट्यादुकट्याला ती खोडता येत नाही. तक्रारीला ऑफिस नाही. बारा इंग्रजी शब्दांची एक किल्ली असते. ते शब्द ज्याच्याकडे, पैसा त्याचा.

बायकांची बचत भात भरडायच्या गिरणीसाठी साठवलेली होती. डोक्यावर पोती घेऊन धसईची गाडी पकडण्याचा त्यांना कंटाळा आला होता. गिरणीला थोडे कमी पडत होते, ते या वाटेनं लवकर होतील असं पोरानं पटवलं. फोनमधलं आमाला जमायचं नाय, तूच तुज्या नावानं ठेव, असं बायकांनी सांगितलं. गावचा पोरगा, परका थोडाच. काही महिन्यांनी त्यानं ग्रुपवर टाकलं की बाजार पडला, सगळं बुडालं. अध्यक्षबाईंनी लगेच विचारलं, "बुडाला तर बुडालेला दाखव." त्यानं त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं.

"तवाच मी वलखलं," बाई म्हणाल्या. "खरंच बुडाला असता तर आमच्या दारात येऊन रडला असता."

ठाण्यात शेणव्याकडची एक महिला शिपाई होती. सायबरचं प्रशिक्षण घेतलेली, कामाला चोख. पोरानं सुरुवातीला फुशारकीत आपल्या वॉलेटचा, म्हणजे हा पैसा ठेवायच्या संगणकी पाकिटाचा, पत्ता ग्रुपवर टाकला होता. तिनं तो संगणकावर घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला. पैसे जिथल्या तिथे होते. बुडाले नव्हते, हललेही नव्हते. कोणीही पाहावं, हात मात्र कोणालाच लावता येऊ नये, अशी ती व्यवस्था. आयुष्यभर खाडाखोड केलेली कागदपत्रं तपासलेला माणूस मी. कोणाला खोडताच येत नाही अशी नोंद पाहून मला त्या अज्ञात संगणकवाल्यांचं फार कौतुक वाटलं. बाईंचं "गेलं आनि गेलं नाय" शब्दशः खरं होतं.

गुन्हा दाखल केला, पोराला अटक केली, पोलीस कोठडी मिळाली. त्याचा मोबाइल त्यानं आधीच कोरा करून ठेवला होता. आता सगळं त्या बारा शब्दांवर येऊन थांबलं.

चौकशीत पोरगा उर्मट नव्हता. "शब्द कागदावर होते, साहेब, कागद पावसात भिजला." दुसऱ्या दिवशी तोच कागद उंदरांनी खाल्ला. तिसऱ्या खेपेला तो चुलीत गेला. खरं बोलणारा माणूस एका कागदाला एकदाच मारतो. घरझडती घेतली, दुकान उलटंपालटं केलं, हाती काही लागलं नाही. माझ्या एक लक्षात आलं होतं. कशाचंही उत्तर तो डोळ्यांत बघून द्यायचा, पण घरी कोण असतं, असं विचारलं की मान खाली घालून "आई" एवढंच म्हणायचा. मला वाटलं, लाज वाटत असेल.

त्याची आई धवलारीण. आमच्या भागात लग्नात हळदीपासून नवरी घरात येईपर्यंतचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई. तिच्यावाचून मांडव उभा राहत नाही. अक्षरओळख नाही, पण रात्रभर म्हटले तरी संपणार नाहीत एवढे धवले तोंडपाठ. शेणव्यापर्यंत तिला बोलावणी असायची. आमच्या शिपाईबाईंच्या बहिणीच्या लग्नातही तीच होती. पोराच्या अटकेनंतर मात्र दोन घरांनी निरोप पाठवले होते, "या टायमाला दुसरी बाय सांगितलीय." चोराच्या आईचा आवाज मांडवात नको, असा त्याचा अर्थ. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, लग्नसराई सुरू होणार होती.

पुरवणी जबाब घ्यायला आम्ही गावात गेलो. जबाब संपले, चहा झाला, आणि गटातली एक बाई सहज बोलून गेली, "त्या आयेचं डोकं पन फिरलंय, साहेब. औंदा भात लावताना नवंच कायतरी म्हनत होती. देवाचं नाय, नवरीचं नाय. टायगर काय, मँगो काय. मी बोल्ले पन तिला, आये, वाघ आला, आंबा आला, नवरी कवा यायची गो?"

सगळ्या हसल्या. शिपाईबाई हसल्या नाहीत. हातातला कप खाली ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

पोरानं काय केलं होतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात उजाडलं. कागद सापडतो, फोन जप्त होतो. बारा शब्द गाण्यात बसवून आईच्या गळ्यात ठेवले, तर कोण जप्त करणार? बेट्याची युक्ती अफाट होती. फक्त एक गोष्ट तो विसरला. धवलारणीला शिकवलेलं गाणं तिच्या तोंडात आल्याशिवाय राहत नाही, मग ती लग्नात असो की चिखलात.

बाईमाणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, कायद्यानं तिच्या घरी जावं लागतं. दोन सरकारी पंच, कॅमेरा, शिपाईबाई आणि मी असे तिच्या ओटीवर गेलो. न्यायालयाची परवानगी आधीच घेऊन ठेवली होती. म्हातारी तांदूळ पाखडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं आम्हाला पाणी दिलं. पोराला पकडणाऱ्या माणसाला आधी पाणी देणारी आई मी पूर्वी पाहिली नव्हती.

"मावशी," मी म्हणालो, "पोरानं शिकवलेलं गाणं काय आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"घराचं नशीब हाय, बोलला. कोनाला सांगू नको, बोलला."

मी तिला ते सगळं सरळ सांगितलं. ते गाणं म्हणजे गटाच्या पैशाची किल्ली आहे. तिनं म्हटलं तर बायकांचे पैसे परत मिळतील आणि पोराविरुद्धचा पुरावा पक्का होईल. नाही म्हटलं तर मी जबरदस्ती करणार नाही. वरिष्ठांचे रोज फोन येत होते, तरी हे वाक्य मी बोललो आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

"मंग सुटल काय तो?"

"ते न्यायालय ठरवेल. पैसे परत आले तर त्याचा विचार होईल. पण सुटेल असं खोटं मी तुम्हाला सांगणार नाही."

सुपाबाहेर सांडलेले तांदूळ तिनं वेचून आत टाकले. मग म्हणाली, "माज्या पोटचा हाय तो. पन त्या बायांनी पोटाला चिमटा काडून ठेवलेलं मी डोल्यांनी पायलंय." उठली, हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि कॅमेऱ्यासमोर येऊन बसली. पहिले दोन शब्द सुरात आले. आणि ती अडली.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. शिपाईबाई म्हणाल्या, "आये, सूर राहू दे, नुसतं बोलून सांग." तिला तेही जमेना. माझ्या मनात शंका आली, की आयत्या वेळी आईचं मन बदललं. पण तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मागनं म्हनायला कोन नाय," ती म्हणाली.

शिपाईबाईंनी मला समजावलं. धवलारीण एक ओळ म्हणते, मागच्या बायका ती झेलून पुन्हा म्हणतात, आणि त्या म्हणत असताना पुढची ओळ तिच्या तोंडात येते. आयुष्यभर तिनं असंच गायलेलं. पोरगा शिकवायचा तेव्हा तो मागून म्हणायचा, भात लावताना बायका थट्टेनं का होईना साथ द्यायच्या. एकटीच्या गळ्यात ते गाणं पुरं उतरतच नव्हतं.

आता आली पंचाईत. मागून म्हणणाऱ्या बायका म्हणजे आमच्या फिर्यादी. अटकेपासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलेलं. शिवाय शिपाईबाईंची हरकत रास्त होती: "साहेब, एवढ्या जणींनी शब्द ऐकले, तर कोणीही पैसे काढू शकेल." ओटीवर नेटवर्क नव्हतं. शब्द मिळाल्यावर टेकडीवर जाऊन मगच पैसे सरकारी ताब्यातल्या वॉलेटमध्ये वळते करता येणार होते. तोवर किल्ली अख्ख्या आळीच्या तोंडात.

मी अध्यक्षबाईंना बोलावून अडचण सांगितली. त्या माझ्यावरच उखडल्या. "आमीच आमचं पैसं चोरू काय, साहेब?"

मी बायकांना बोलवायला सांगितलं. पंचांसमोर सगळ्यांचे फोन गोळा करून एका टोपलीत ठेवले, एवढी खबरदारी मात्र घेतली.

बायका आल्या, पण अंगणातच उभ्या राहिल्या. ओटी चढायला कोणी तयार होईना. धवलारीण खाली मान घालून बसली होती. तेव्हा अध्यक्षबाई चपला काढून वर आल्या आणि तिच्या पाठीशी जाऊन बसल्या. "आमच्यात धवलं नाय म्हनत लग्नाला. मला चाल येत नाय. पन तू म्हन गो आये, मी म्हन्ते मागनं." ते बघून बाकीच्या एकेक करून वर आल्या.

तिनं पहिली ओळ म्हटली. मागून बायकांनी उचलली. दुसरी आली, तिसरी आली. ज्या पोरानं फसवलं त्याच्या आईच्या मागे, फसलेल्या बायका टायगर, मँगो आणि असेच आणखी दहा परके शब्द लग्नाच्या चालीवर म्हणत होत्या. पंच लिहायचे थांबले होते, मला त्यांना खुणावावं लागलं.

शिपाईबाई जीप घेऊन टेकडीवर गेल्या. त्या परत येईपर्यंत कोणी ओटीवरून हललं नाही. बायका म्हातारीचे तांदूळ पाखडू लागल्या. पैसे पूर्ण सुखरूप मिळाले. पुढे न्यायालयाच्या आदेशानं गटाला परत गेले. गिरणी आज चालू आहे.

कोठडीत पोरानं आधी मलाच विचारलं, "आयेला मारलं काय तुमी?" मी त्याला ते चित्रीकरण दाखवलं. शेवटच्या शब्दानंतर म्हातारी कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "आता लपवायला काय रायलं नाय रे तुला. येशील तवा मान वर करून ये." पोरगा ढसाढसा रडला आणि तिथून पुढे खरं बोलला. खटला चालू आहे, पोरगा जामिनावर आहे, त्यामुळे त्याविषयी याहून जास्त लिहिणं योग्य नाही.

निवृत्तीनंतर लोक मला व्याख्यानाला बोलावतात आणि विचारतात, क्रिप्टो चांगलं की वाईट. मी सांगतो, तंत्रानं त्या बायकांना दगा दिला नाही, पैसे जसेच्या तसे राखले. पण किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊ नका, तो घरचा असला तरी. एवढं ऐकून लोक टाळ्या वाजवतात. मी खरं शिकलो ते याहून वेगळं आहे. आई आपल्या लेकराविरुद्ध कधी बोलत नाही, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या बाईनं बोलून दाखवलं, आणि तेही लेकराला सोडून न देता.

मागच्या लग्नसराईत त्याच गावी एका लग्नाला गेलो होतो. धवले तीच म्हणत होती, मागे गटातल्या बायका. जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"साहेब, ते गानं आता काय कामाचं नाय ना?"

"नाही, मावशी. ते कुलूपच आता रिकामं आहे. खुशाल विसरा."

"मोठा झाल्यापासनं तो कवा माज्याजवल बसला नव्हता," ती म्हणाली. "ते गानं शिकवायला रोज बसायचा. मला पयल्या दिवशीच पाठ झालेलं. तरी मी मुद्दाम चुकायची."

मी पुन्हा तिला विसरायला सांगितलं नाही.