मानाने पुढे टाकलेली नावं

नेकनूरहून एसटीने येणाऱ्या प्राध्यापक बाईंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी लिहिते. घडलेलं सांगायला अजून लाज वाटते.

मी चंद्रपूरकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन बीडला आले. इथे एका चाचांच्या छपाईच्या दुकानात टायपिंग करते, बहुतेक लग्नपत्रिकांचं. बाईंचा पीएच.डी.चा प्रबंध माझ्याकडे आला, तेव्हा चुकले तर चाचा काढून टाकतील, या धास्तीनेच मी बसले.

शेवटी संदर्भांची यादी होती. त्यात दुसऱ्यांचे प्रबंधही होते, आणि बाईंनी मार्गदर्शकांची नावं स्वतःसाठी बाजूला पेन्सिलने लिहिलेली. मला वाटलं, वडीलधाऱ्यांना असं कोपऱ्यात कसं ठेवायचं? मी सगळे सर ‘मा. डॉ.’ लावून पुढे घेतले, प्रबंध लिहिणाऱ्या मुली मागे. ‘अप्रकाशित’ शब्द कमीपणाचा वाटला, तो गाळला.

दुसऱ्या दिवशी प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. बाईंनी कागद वाचला आणि हळूच म्हणाल्या, “अगं, ही कुणाची लग्नपत्रिका?”

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान वर केली. “कावून बाई, काय झालं?”

“काही न्हाई चाचा. मीच यादी उलटी दिलती.”

“शिकलेल्या माणसांचं लई अवघड हाय,” म्हणत चाचा परत कामाला लागले.

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. “प्रबंध लिहिला कुणी?”

“त्या मुलीनं.”

“मग आधी तिचं नाव. मग वर्ष, शीर्षक.”

“आणि सर?”

“सरांचे आभार तिनं तिच्या प्रबंधात मानलेत. इथं लिहिणारीच. अप्रकाशित म्हंजे पुस्तक निघालं न्हाई, एवढंच. म्हणून तर विद्यापीठ लिहायचं. शोधणाऱ्यानं जायचं कुठं?”

त्यांनी दोन एसट्या सोडल्या. एकेक नाव पुढे आणताना मला मान वर करवेना. शाळा सुटण्याचं दुःख मला ठाऊक, आणि शिकलेल्या मुलींना मीच मागे ढकललं होतं.

बाईंचा प्रबंध वेळेत गेला. उद्या कुणी आपल्या यादीत त्याचा संदर्भ देईल. ती यादी माझ्याकडे आली, तर बाईंचं नाव मी बरोबर जागी, सगळ्यात आधी टाईप करीन. आणि तोवर टायपिंगला जी नवी मुलगी येईल, तिला शेजारी खुर्ची देऊन हे शिकवीन.