दुधी काचेतले आठ हात

घड्याळमास्तर निवडून आले ते कुणाला पाडून नव्हे. वॉर्डातल्या दोन दांडग्या उमेदवारांनी एकमेकांना पाडलं आणि मधल्या फटीतून मास्तर वर आले. शिवाय त्यांची एक ख्याती होती. शुक्रवारी देतो म्हटलेलं घड्याळ ते शुक्रवारीच देत. एवढ्या भांडवलावर माणूस नगरसेवक होतो, यावरून बाकीचे उमेदवार कसे असतील ते ताडावं.

निवडून आलेल्या प्रत्येकाला नियमांचं एक पुस्तक मिळतं. बहुतेकांच्या घरी ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेलं. मास्तरांनी ते वाचलं, आणि तिथेच घात झाला. घड्याळ उघडताना डोळ्याला लावायचं भिंग लावून वाचलं, आणि बाराव्या पानावर त्यांना तो नियम सापडला. ज्या विषयात सदस्याचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा हितसंबंध असेल, तो विषय निघताच सदस्याने तसं जाहीर करावं आणि मतदान होईपर्यंत सभागृहाबाहेर जावं.

त्या दिवसापासून मास्तर बाहेर जाऊ लागले.

बाजारातल्या दिव्यांचा विषय निघाला, मास्तर उठले. त्यांचं दुकान बाजारात. शाळेच्या बाकांचा विषय निघाला, मास्तर उठले. सुतार त्यांच्या शेजारी राहतो. दवाखान्याच्या छपराला उठून म्हणाले, "आमच्या सासूबाई त्या दवाखान्यातून खडखडीत बऱ्या होऊन आल्या."

"मग तुमची तक्रार असेल मास्तर," मागून कुणीतरी म्हणालं, "हितसंबंध कसला?"

सभागृह हसून हसून लोळलं. मास्तरही हसले आणि बाहेर गेले. हळूहळू त्यांचं नावच बाहेरमास्तर पडलं. दारापाशी त्यांच्यासाठी एक बाकडं आलं, बाकड्यावर उशी आली. सभेच्या दिवशी शिपाई विचारायचा, "मास्तर, आज कितव्या विषयाला बाहेर? पाणी तेव्हाच भरतो."

सभागृहातलं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर बंद पडलं होतं. मास्तरांना ते चुटकीसरशी दुरुस्त करता आलं असतं. पण नगरपालिकेचं काम नगरसेवकानेच घ्यायचं म्हणजे हितसंबंध. बरं, फुकट करून द्या म्हटलं तर फुकट म्हणजे उपकार, आणि उपकार म्हणजे त्याहून मोठा हितसंबंध. घड्याळ चार-दहावरच राहिलं. चारच्या सभेला पाचला येणारे सदस्य त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "दहाच मिनिटं उशीर झाला की!"

बाकीच्या चौदा जणांना हितसंबंध म्हणून काही नव्हताच. माणसं विरक्त. आप्पा नावाच्या एका जुन्या सदस्याचा मुलगा कंत्राटदार होता, नगरपालिकेची निम्मी कामं तोच करी. पण आप्पा सांगत, "मुलाची चूल वेगळी आहे." चूल खरंच वेगळी होती. आप्पा रोज जेवायला तिकडे जात ती गोष्ट निराळी.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग रस्त्याचं रुंदीकरण निघालं.

मास्तरांच्या थोरल्या बहिणीचं घर त्या रस्त्यावर होतं. घर म्हणजे पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान, मागे एक खोली आणि मोरी. आईवडील लवकर गेले, तेव्हा याच ताईने दुसऱ्यांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढून धाकट्याला वाढवलं, घड्याळाच्या कामाला घातलं, पहिलं भिंग घेऊन दिलं. तिच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, अध्यक्षांच्या मेहुण्याची गोदामं होती. इंजिनिअरने आधी रुंदीकरणाची रेघ मारली ती गोदामांच्या बाजूला. पण ती पेन्सिलची होती. दोन आठवड्यांत रेघ रस्ता ओलांडून ताईच्या दुकानात आली. तो रस्ता ओलांडायला म्हाताऱ्या माणसांना भीती वाटायची. रेघेला काही वाटलं नाही.

पुढची खोली सबंध जाणार होती. ताईने हरकतीचा अर्ज दिला आणि मग इस्त्रीचे कपडे पोचवायच्या निमित्ताने चौदाही सदस्यांची दारं झिजवली. सभेच्या आदल्या दिवशी मास्तर तिच्या दुकानात गेले, तेव्हा ती एका शर्टाच्या कॉलरवर जोर काढत होती.

"सात जणांनी हो म्हटलंय," ती मान वर न करता म्हणाली. "बेकरीवाल्याने तर पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. सात ते आणि आठवा तू. पंधरात आठ. मला एवढं गणित येतं."

"ताई, मला बसता यायचं नाही."

"का? मूळव्याध झाली?"

"नियम आहे. तू माझी बहीण आहेस."

"ते मला ठाऊक आहे. तुझा शेंबूड मीच पुसलाय."

"ऐक तर खरं. मी उठलो की अध्यक्षांना उठावंच लागेल, गोदामं त्यांच्या मेहुण्याची आहेत. आप्पांनाही उठावं लागेल, रस्त्याचं काम त्यांच्या मुलाला मिळतंय. मग त्यांचे उरले पाच आणि आपले सात. मी बसलो तर मात्र त्यांना उठा म्हणायला मला तोंड नाही."

"लाज असलेल्या माणसांचं गणित आहे हे, घड्याळ्या." तिने इस्त्री उभी केली. "तुला काही बोलायचं नाहीये. नुसतं बसायचं आणि एक हात वर करायचा. मी जन्मभर हात चालवला. तू एकदा वर कर."

तिने शर्टाची घडी घातली, बाजूला ठेवली, आणि पुढचा कपडा घेतला. ती उद्या सभेला येणार का, एवढंच त्यांनी जाताना विचारलं. "बाहेरच्या बाकड्यावर जागा असेल ना?" ती म्हणाली. "का तीही तुझ्या नावावर आहे?"

दुसऱ्या दिवशी नववा विषय पुकारला गेला. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं : 'रस्ता रुंदीकरणावरील हरकतीचा विचार करणे.' मास्तर उठले.

"अध्यक्षमहाराज, अर्जदार बाई माझी सख्खी थोरली बहीण..."

"बाहेर!" चौदा जण एका सुरात ओरडले. शाळेची पोरं पाढे म्हणतात तसे.

मास्तरांनी हशा ओसरू दिला. "मी जातोच आहे. पण समोरची गोदामं आपल्या मेहुण्यांची आहेत, तेव्हा आपणही..."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर अपार दुःख दाटून आलं. "मास्तर, माझ्या मेहुण्याशी चार वर्षं माझं बोलणं नाही. ज्याच्याशी संबंधच नाही, त्याच्यात हितसंबंध कुठून येणार?"

बाकं वाजली. मास्तरांनी आप्पांकडे पाहिलं. "चूल वेगळी," आप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मास्तर दारापर्यंत गेले होते. हात कडीवर होता. "जाताय ना?" अध्यक्षांनी मऊ आवाजात विचारलं. "का बसताय? बसा हो. आमची काही हरकत नाही."

ही दया होती की सापळा, हे मास्तरांना कळेना. एक क्षण त्यांचा पाय खरंच मागे वळला. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बसले तर नाव बदलावं लागेल," पुन्हा हशा झाला, आणि मास्तर बाहेर गेले.

बाकड्यावर ताई बसली होती. मांडीवर अर्जाच्या प्रती, इस्त्री केल्यासारख्या सरळ. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, नुसती थोडी सरकली.

सभागृहाचं दार जाड होतं, आवाज बाहेर येत नसे. शेजारी मोठी दुधी काच होती. आत माणसांच्या मागे खिडक्या असल्यामुळे काचेवर त्यांच्या नुसत्या सावल्या दिसत. मतदान झालं की सावल्यांना शिंगं फुटल्यासारखे हात वर होत. बाहेर बसून बसून मास्तर ती शिंगं मोजायला शिकले होते.

थोड्या वेळाने शिंगं फुटली. मास्तर उभे राहिले. घड्याळाच्या चाकाचे दाते मोजणारे डोळे ते. एक, दोन, तीन... त्यांनी पुन्हा मोजलं.

"ताई," त्यांचा आवाज फाटला. "आठ!"

"काय आठ?"

"आठ हात! हरकत मान्य! तुझ्या बाजूने सात होते ना? त्यांच्यातला एक इकडे आला!" हात खाली गेले, मग दुसरे वर झाले. सहा. "बघ, विरुद्ध सहाच. आठ आणि सहा चौदा. म्हणजे उठलं कुणीच नाही, मेले बसूनच राहिले. पण मी उठलेला पाहून एकाला तरी लाज वाटली. बघ!"

ताईने काचेकडे पाहिलं, मग भावाकडे. तिचा चेहरा हळूहळू उलगडला. "मी तुला काल काय काय बोलले," ती म्हणाली आणि पदराने त्यांचं तोंड पुसायला लागली, जणू तिथे अजून शेंबूड होता. शिपाई पाणी घेऊन आला, त्याला म्हणाली, "उद्या तुझे सगळे कपडे आण. फुकट करून देते." मग तिला आठवलं, की दुकानाच्या दाराला रंग द्यायचा राहिलाय. घर जाणार म्हणून वर्षभर दिला नव्हता. हिरवा द्यावा की निळा? मास्तर म्हणाले निळा. "तुला काय कळतंय," ताई म्हणाली, "हिरवाच." आणि दोघंही पोरांसारखी हसली.

त्यांचा रंग ठरायला दहाएक मिनिटं लागली. तेवढीच त्यांना मिळाली.

दार उघडलं. पहिला बेकरीवाला बाहेर आला. ताईने उठून त्याचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू? दिला शब्द पाळलात!"

बेकरीवाल्याचा चेहरा पिठासारखा झाला. "टोमणे नका मारू बाई. भाऊच उठून गेला. मग मी एकट्यानेच अध्यक्षांशी वाईटपणा कशाला घ्यायचा?"

"पण आठ हात..." मास्तर म्हणाले.

"आठच. अध्यक्षांनी ठराव वाचला, 'हरकत फेटाळण्यात यावी.' त्याला आठ." त्याने हात सोडवून घेतले. "तुम्ही आत असता मास्तर, तर मी काही हललो नसतो. देवाशप्पथ."

एकाला लाज वाटली होती हे खरंच होतं. फक्त ती उलट्या बाजूला वाटली होती.

ताई अजून हसतच होती. चेहऱ्याला निरोप पोचायला वेळ लागला. मग तिने अर्जाच्या प्रती गोळा केल्या, त्यांचे कोपरे जुळवले आणि शिपायाला म्हणाली, "कपडे लवकर आण बाबा."

पुढच्याच सभेत अध्यक्षांनी मास्तरांचा सत्कार केला. सख्ख्या बहिणीचा विषय असूनही नियम पाळणारा सदस्य आपल्या सभागृहात आहे, असं ते बोलले आणि त्यांनी रुमालाने कोरडे डोळे टिपले. ज्यांच्यामुळे हे घडलं ते आठही जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. मास्तरांना भेट दिली ती भिंतीवरचं घड्याळ. ज्या मेहुण्याशी अध्यक्षांचं बोलणं नव्हतं, त्याच्याच दुकानातलं. मास्तरांनी भेटवस्तूंच्या नोंदवहीत ती नोंद स्वतःच्या हाताने केली. दुसऱ्या महिन्यात घड्याळ बंद पडलं.

ताईची पुढची खोली पाडायला सकाळचे दोन तास पुरले. आता मागच्या खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडतं. टेबल मावत नाही, म्हणून ती जमिनीवर घोंगडी अंथरून इस्त्री करते. हिरव्या रंगाचा डबा तिने विकत घेतला होता म्हणे, तो मोरीत आहे.

रस्ता झाल्यावर एका संध्याकाळी मास्तर तिच्याकडे गेले. बोलणं बंद होऊन पाच महिने झाले होते. दार उघडं होतं. आत ताई आणि तिची लेक काहीतरी ठरवत होत्या, घर विकून लेकीकडे जायचं की काय, असलं काही. मास्तरांनी चपला काढल्या आणि उंबऱ्यात पाय ठेवला.

"थांब," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. ग्राहकाला कपडे उद्या मिळतील सांगावं, तसा आवाज. "घराचा विषय चाललाय. तुझा संबंध आहे."

"ताई..."

"नियम आहे. बाहेर बस."

मास्तरांनी पाय मागे घेतला. बाहेर बाकडं नव्हतं. ते नव्या रस्त्याच्या कडेला, फरशीवर बसले, गाड्या अगदी गुडघ्याजवळून जात होत्या. आत दोघी बोलत होत्या. दार उघडंच होतं, त्यामुळे या खेपेस सगळं ऐकू येत होतं.