कांबळेसाहेबांच्या मागच्या डिस्कची टकटक

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साचत राहतात. काळं ऑइल आणि किस्से. ऑइल न्यायला निदान भंगारवाला येतो, किस्से कोण नेणार? ते सगळे माझ्याकडेच पडून! माझी शाळा चौथीत सुटली, पण नाशिकरोडला भाच्याच्या गॅरेजमधल्या बाकड्यावर मी पार पीएचडीपर्यंत पोचलो. भाचा बाळू पाने फिरवतो, मी माणसं फिरवतो. अख्खं गॅरेज मला मामा म्हणतं.

आता ही कांबळेसाहेबांची डिस्कच घ्या.

*

साहेब एकलहऱ्याच्या वीज केंद्रात क्लार्क. माणूस सोन्यासारखा, पण गाडी स्टार्ट झाली की तोंडही स्टार्ट! मागे वहिनी बसलेल्या आणि हे पुढून मान वळवून सांगतायत: ऑफिस, कँटीन, शेजारी, परत ऑफिस.

एका रविवारी वहिनींच्या माहेराहून, सिन्नरहून परत येत होते. घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि मागच्या चाकातून टक-टक-टक! वहिनी खाली उतरल्या, हात करून एसटी थांबवली आणि म्हणाल्या, "हा आवाज जाईपर्यंत मी या गाडीवर बसायची नाही." गेल्यासुद्धा!

तेव्हापासून सिन्नरला जायचं म्हणजे पुढे एसटीत वहिनी आणि मागे रिकाम्या गाडीवर साहेब. सासरवाडीत कुजबूज सुरू झाली. सासूबाईंनी लेकीला आतल्या खोलीत नेऊन विचारलं, "खरं सांग, काय त्रास देतात?"

साहेब धावत आमच्याकडे. "बाळू, मागच्या ब्रेकच्या डिस्कला प्ले आलाय, ढिली लागतेय. आत्ता डिस्क धर, नाहीतर मला वकील धरावा लागेल!"

*

बाळूने पाना उचलायच्या आधीच तात्या उठले. तात्या सिन्नरकडचे शेतकरी. स्वतःची गाडी कामाला टाकायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर मत द्यायचं, हा त्यांचा जोडधंदा.

साइड स्टँडवरची गाडी त्यांनी मागून धरून गदागदा हलवली. "हाय! लय प्ले हाय!"

बाळू म्हणाला, "तात्या, अख्खी गाडी हलतेय."

"मंग लयच हाय ना!"

*

मी म्हटलं, तात्या, असं नाही कळायचं. मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक चाकाच्या नटाजवळ टेकवा, मूठ कानाला लावा. डॉक्टरची नळी असते ना, तस्सं. आतलं सगळं ऐकू येतं.

यात खोटं काही नाही हं! मेकॅनिक असंच ऐकतात. फक्त तात्यांनी डोळे मिटल्यावर पलीकडून मी पान्याने हळूच ठोकलं. टुक. टुक-टुक.

तात्यांचे डोळे एवढाले! "बाळू, आतमधी कोणतरी हाय!"

साहेबांनी विचारलं, "कोण?"

*

शेवटी बाळूने आम्हा सगळ्यांना बाकड्यावर बसवलं. गाडी डबल स्टँडला लावली. आधी नुसती डिस्क धरून हलवली. बोल्ट घट्ट. डिस्कला चिमटा घेणारा कॅलिपर हलवून बघितला. घट्ट. मग चाक वर-खाली धरून रेटलं. किंचित काहीतरी जाणवलं, पण असेल-नसेल असं.

"साहेब, रिकाम्या गाडीला कळत नाही. मागे वजन पडलं की बोलेल. वहिनींचं वजन किती?"

साहेबांनी रस्त्याकडे बघितलं. मागे बघितलं. मग बाळूच्या कानाशी जाऊन म्हणाले, "एवढ्यावरून घटस्फोट होतो रे!"

मी म्हटलं, बरं आकडा नको. आमच्यापैकी कोणाएवढ्या ते सांगा.

साहेबांनी बोट न उचलता, नुसत्या भुवईने तात्या दाखवले.

*

तात्या साहेबांच्या मागे बसले. दोघं उड्डाणपुलाला वळसा घालून ब्रेक मारत-मारत परत आले.

बाळूने विचारलं, "आला आवाज?"

"लय आला! अशी टकटक, का साहेब सारखं कायतरी बोलत व्हते, एक शब्द कळला असंल तर शपथ!"

साहेबांचा चेहरा पडला. "अहो, आमच्या कँटीनचा अख्खा किस्सा सांगितला मी!"

*

बाळूने चाक खोललं. बेअरिंग बोटाने फिरवलं तर खडखड-खडखड, डब्यात वाळकी बोरं हलवल्यासारखं. "डिस्क एकदम सरळ आहे, साहेब. बेअरिंग गेलंय. वजन पडलं की चाक डुलतं आणि त्याच्याबरोबर डिस्कही डुलते."

"म्हणजे डिस्कची काही चूक नाही?"

"काही नाही."

साहेबांनी डिस्कवरून हात फिरवला. "सॉरी, बाई."

*

नवीन बेअरिंग बसलं. साहेबांनी फोन करून वहिनींना गॅरेजवरच बोलावून घेतलं. "जयभीम मामा," म्हणून वहिनी आल्या, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पदर खोचला आणि बसल्या. आम्ही सगळे चाकाकडे कान लावून उभे. तात्यांनी तर हात जोडलेले.

गाडी गेली. आम्हाला वाटलं, पुलाला वळसा घालून लगेच येतील. पण साहेब खुशीत पार सिन्नर फाट्यापर्यंत जाऊन आले. लांबूनच त्यांची मान मागे वळलेली दिसत होती!

गाडी थांबली. वहिनी उतरल्या.

साहेबांनी छाती फुगवून विचारलं, "काय? आली का टकटक?"

"नाही. अगदी शांत आहे. तुमचा शब्द न् शब्द ऐकू आला."

"मग रविवारी सिन्नर? गाडीवर?"

"हो, गाडीवर."

तात्यांनी टाळी वाजवली. साहेब चहा सांगायला टपरीकडे पळाले. ते लांब गेल्याची खात्री करून वहिनी बाळूजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या,

"भाऊ, ते जुनं बेअरिंग टाकून नाही ना दिलंत?"