दगडी पाला पिळणारी

बायको गेल्यापासून माझं बूड घरात टेकत न्हाय. असाच येरमाळ्याच्या रस्त्यानं हिंडताना तारेनं बोट कापलं. शेळ्या राखणाऱ्या एका अनोळखी बाईनं बांधावरचा दगडी पाला खुडला, पिवळी फुलं चिमटून टाकली आन तळहातावर पाला चोळला. म्या हात मागं घेतला.

"ह्योच पाला बायकोच्या पायाच्या जखमेला महिनाभर लावला. त्यानंच गेली ती."

"साखर होती का तिला?"

"व्हय."

"मग पाल्याला कशाला दोष देता, बाबा? दवाखान्यात न्यायचं होतं."

तेराव्याला आलेले समदे 'देवाची मर्जी' असं म्हणून जेवून गेले होते. म्या गुमान बोट पुढं केलं. रस लई झोंबला.

तवापासून रोज तिकडं जातो. ती दिसली तर सांगायचंय, बायकोबी दवाखान्यात न्या म्हणत होती.